सिग्नल आला तर हातातलं काम कुठे ठेवायचं?

सिग्नल म्हटलं की वारजेकरांना आधी आठवतो तो रस्त्यावरचा. कर्वेनगरकडे जाताना लाल दिवा दिसला की आपण थांबतो (निदान थांबायला पाहिजे). तो सिग्नल एका जागी उभा असतो आणि आपण त्याच्यापाशी जातो. युनिक्समधला सिग्नल नेमका उलटा. आपला प्रोग्रॅम आपल्या वाटेने चाललेला असतो आणि सिग्नल कुठल्याही क्षणी येऊन त्याला गाठतो. मग तो प्रोग्रॅम बेरीज करत असो, फाइल लिहीत असो, नाहीतर मेमरी मागत असो.

टी.ई.च्या ओएस लॅबमध्ये सिग्नलची एक असाइनमेंट असते. कंट्रोल-सी दाबलं की हँडलरमधून एक ओळ प्रिंट करायची, आउटपुट जर्नलला चिकटवायचं, सही घ्यायची. ओरलला विचारतात, "सिगकिल पकडता येतो का?" आपण "नाही सर" म्हणतो आणि सुटतो. पण ज्या हँडलरमध्ये आपण 'प्रिंटएफ' लिहितो, तोच खऱ्या सर्व्हरमध्ये धोकादायक असतो. २०२४ साली जगभरातल्या लाखो सर्व्हरना याच प्रकारच्या चुकीने घाम फोडला. म्हणून हा विषय ओरलच्या पुढे जाऊन बघूया.

सिग्नल म्हणजे नेमकं काय?

कर्नलने प्रोसेसला दिलेली छोटीशी सूचना म्हणजे सिग्नल. त्यात फारसा मजकूर नसतो, मुख्यतः एक नंबर असतो. कंट्रोल-सी म्हणजे सिगइंट, नंबर २. 'किल' कमांड काहीही न सांगता दिली तर सिगटर्म जातो, नंबर १५. चुकीच्या पत्त्याला हात लावला की सिगसेग्व, नंबर ११, हा तर आपला जुना मित्र. ठरवलेली वेळ संपली की सिगअलार्म, नंबर १४. मुलगा प्रोसेस संपला की बापाला सिगचाइल्ड मिळतो. पूर्वी मोडेमचा फोन कट झाला की सिगहप यायचा. आज बरेच सर्व्हर तोच सिग्नल 'कॉन्फिगरेशन पुन्हा वाच' अशा अर्थाने वापरतात.

सिग्नल आल्यावर प्रोसेसपुढे तीन मार्ग असतात: ठरलेलं डिफॉल्ट होऊ देणं, दुर्लक्ष करणं, किंवा स्वतःचं फंक्शन चालवणं. या फंक्शनला हँडलर म्हणतात. फक्त सिगकिल (९) आणि सिगस्टॉप या दोघांपुढे कुणाचंच चालत नाही.

हँडलर कधी चालतो?

सिग्नल पाठवला की कर्नल त्या प्रोसेसच्या नावापुढे एक बिट चालू करतो, म्हणजे 'पेंडिंग' अशी खूण करतो. प्रोसेस कर्नलमधून युजर मोडमध्ये परत जायला निघाली की कर्नल ही खूण बघतो. परत जाण्याचं कारण सिस्टम कॉल संपणं असेल किंवा टायमरचा इंटरप्ट असेल. खूण दिसली तर कर्नल प्रोसेसच्या स्टॅकवर एक नवी फ्रेम रचतो आणि आधी हँडलर चालवतो. तो संपला की प्रोसेस जिथे थांबली होती त्याच इन्स्ट्रक्शनपासून पुढे चालू.

टायमरचा इंटरप्ट कुठेही येऊ शकतो. म्हणजे हँडलर आपल्या कोणत्याही दोन ओळींच्या मध्ये चालू शकतो. एवढंच नाही, तर एकाच ओळीच्या पोटातल्या दोन मशीन इन्स्ट्रक्शनच्या मध्येसुद्धा. पुढचा सगळा त्रास यातूनच निघतो.

मेसची वही

समजा, मेसचे काका वहीत तुमच्या खात्यावर पैसे जमा करत आहेत. जुनी शिल्लक त्यांनी खोडली आहे, नवी अजून लिहायची आहे. इतक्यात फोन वाजतो. पेन तसंच ठेवून ते फोन घेतात आणि पलीकडचा म्हणतो, "काका, त्याच खात्यावर अजून एक नोंद करा." आता काकांनी कुठली शिल्लक धरायची? खोडलेली की न लिहिलेली?

'मॅलोक'चं अगदी हेच होतं. रिकाम्या ब्लॉकची यादी त्याच्याकडे असते. एक ब्लॉक काढताना थोडा वेळ ती यादी अर्धवट अवस्थेत असते. त्याच वेळी सिग्नल आला आणि हँडलरनेही 'मॅलोक' मागितला, तर तो त्याच अर्धवट यादीवर काम करणार. 'प्रिंटएफ'चा बफर आणि त्याचे पॉइंटर यांचंही तेच.

आता तुम्ही म्हणाल, मग लॉक लावूया. दोन थ्रेड असतील तर लॉक उपयोगी पडतो, कारण एक थांबतो आणि दुसरा काम संपवतो. इथे वही लिहिणारेही काका आणि फोन घेणारेही काकाच. हँडलर साध्या लॉकसाठी थांबला, तर तो लॉक सोडणारा मेन प्रोग्रॅम हँडलर संपायची वाट बघत बसलेला असतो. दोघेही कायमचे अडकतात. म्हणून थ्रेडसाठी सुरक्षित असलेलं फंक्शन सिग्नलसाठी सुरक्षित असेलच असं नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि परीक्षेत त्यांचाच घोळ होतो.

पॉझिक्सने हँडलरमध्ये चालणाऱ्या फंक्शनची यादीच दिली आहे. लिनक्सवर मॅन पेजच्या सातव्या विभागात 'सिग्नल-सेफ्टी' या नावाने ती मिळते. त्यात 'राइट', 'वेटपीआयडी', 'किल', 'अंडरस्कोर-एक्झिट' आहेत. 'प्रिंटएफ', 'मॅलोक', 'फ्री', 'सिसलॉग', साधा 'एक्झिट' नाहीत.

दिवा एकच, पाहुणे तीन

दुसरी अडचण मोजण्याची. समजा, गेटवर पाहुणा आला की वॉचमन एक बटण दाबतो आणि वर तुमच्या मजल्यावर लाल दिवा लागतो. तुम्ही बघायच्या आत तीन पाहुणे आले तर दिवे तीन लागणार नाहीत. लागलेला दिवा फक्त लागलेलाच राहील.

पेंडिंगचा बिट म्हणजे हा दिवा. एका सर्व्हरने प्रत्येक क्लायंटसाठी 'फोर्क' केलं आणि तीन मुलं जवळजवळ एकदम संपली, तर सिगचाइल्डचा हँडलर एकदाच चालू शकतो. हँडलरमध्ये 'वेट' एकदाच लिहिलं असेल तर एक मूल गोळा होतं आणि बाकीची दोन झोंबी होऊन बसतात. 'पीएस'मध्ये त्यांच्यापुढे 'डिफंक्ट' दिसतं. आठवडाभर चालणाऱ्या सर्व्हरवर असे झोंबी साचत गेले की प्रोसेस टेबल भरतं आणि नवीन 'फोर्क'च होत नाही. उपाय साधा आहे: दिवा दिसला की खाली जाऊन गेट रिकामं होईपर्यंत पाहुणे आणायचे. म्हणजे न थांबण्याचा पर्याय देऊन 'वेटपीआयडी' लूपमध्ये चालवायचं आणि गोळा करायला कुणी उरलं नाही की बाहेर पडायचं.

चिठ्ठी ठेवा, काम नंतर करा

या सगळ्यावरचा उत्तम नियम एका वाक्यात सांगता येतो: हँडलरने फक्त चिठ्ठी ठेवावी, काम मेन लूपने करावं.

सगळ्यात साधी चिठ्ठी म्हणजे एक ग्लोबल फ्लॅग. त्याचा प्रकार 'वोलाटाइल सिग-अॅटॉमिक-टी' असावा. हँडलर त्यात १ टाकतो आणि परत जातो. मेन लूप प्रत्येक फेरीत फ्लॅग बघतो.

पण यातही एक फट आहे. मेन लूपने फ्लॅग बघितला, तो ० होता, म्हणून तो 'पॉझ' करून झोपायला निघाला. बघणं आणि झोपणं यांच्या मधल्या क्षणात सिग्नल आला. हँडलरने फ्लॅग १ केला, पण तो बघायला आता कोण जागं आहे? दुसरा सिग्नल येईपर्यंत प्रोग्रॅम झोपूनच राहणार. ही चूक हजार वेळा टेस्ट करूनही सापडत नाही आणि एक हजार एकाव्या वेळी डेमोलाच सापडते!

ही फट बुजवायचे तीन मार्ग आहेत.

१) 'सिगप्रोकमास्क'ने सिग्नल आधी अडवायचा, मग फ्लॅग बघायचा आणि 'सिगसस्पेंड' किंवा 'पीसिलेक्ट'ने झोपायचं. ही फंक्शन्स सिग्नल सोडणं आणि झोपणं एकाच अखंड पायरीत करतात. लिनक्सच्या कर्नलमध्ये खरा 'पीसिलेक्ट' २००६ साली २.६.१६ मध्ये आला.

२) सेल्फ-पाइप. ही युक्ती डी. जे. बर्नस्टाईन यांच्या नावाने ओळखली जाते. प्रोग्रॅम स्वतःशीच एक पाइप उघडतो. हँडलर त्यात एक बाइट 'राइट' करतो. मेन लूप नेहमीच्या सॉकेटबरोबर पाइपचं दुसरं टोकही 'पोल' करतो. बाइट पाइपमध्ये पडून राहतो, त्यामुळे सूचना हरवत नाही. दोन्ही टोकं नॉन-ब्लॉकिंग ठेवायला विसरू नका. पाइप भरला तर 'राइट' फसेल, पण बिघडत नाही, कारण जागं करायला आत बाइट आधीच पडलेले आहेत.

३) 'सिग्नलएफडी'. हा फक्त लिनक्सवर आहे, २००७ साली २.६.२२ पासून. सिग्नल अडवून ठेवायचा आणि तो फाइलसारखा 'रीड' करायचा. हँडलर लिहायचीच गरज नाही. मात्र दिवा इथेही एकच असतो, म्हणून 'वेटपीआयडी'चा लूप सुटत नाही.

याशिवाय दोन छोट्या सवयी. हँडलरमध्ये सिस्टम कॉल असेल तर सुरुवातीला 'एररनो' जपून ठेवा आणि शेवटी परत टाका. आणि 'रीड' मध्येच तुटून 'ईआयएनटीआर' आला तर ती खरी एरर समजू नका, कॉल पुन्हा करा किंवा हँडलर बसवताना 'एसए-रीस्टार्ट' द्या. हँडलर बसवायला जुन्या 'सिग्नल'ऐवजी 'सिगअॅक्शन' वापरा. जुन्या युनिक्समध्ये हँडलर एकदा चालला की निघून जायचा आणि दुसरा सिग्नल प्रोग्रॅमच मारून टाकायचा.

मोठ्या भाषासुद्धा हाच नियम पाळतात. पायथॉनमध्ये आपण लिहिलेला हँडलर सिग्नल आल्या क्षणी चालत नाही. आतलं सी फंक्शन फक्त खूण करतं आणि इंटरप्रिटर सोयीच्या जागी पोचला की मेन थ्रेडमध्ये आपला हँडलर चालवतो. नोडच्या पोटातली 'लिबयूव्ही' पाइपच वापरते.

१४ वर्षांनी परत आलेली चूक

आता ती २०२४ ची गोष्ट. लांबच्या लिनक्स मशीनवर लॉगिन करायला आपण 'एसएसएच' वापरतो. पलीकडे 'एसएसएचडी' नावाचा सर्व्हर ऐकत असतो. जोडणी झाल्यावर ठरलेल्या वेळात (डिफॉल्ट १२० सेकंद) लॉगिन झालं नाही, तर त्याला सिगअलार्म मिळतो आणि जोडणी बंद होते. जुन्या ओपनएसएसएचमध्ये हा हँडलर जाता जाता लॉग लिहायचा. लॉगसाठी 'सिसलॉग' आणि 'सिसलॉग'च्या पोटात मेमरीची देवाणघेवाण. म्हणजे मेसची वही!

हा दोष २००६ साली सापडला आणि दुरुस्तही झाला. दुरुस्ती छोटी होती. हँडलरमधून लॉग लिहिणं जिथे सुरक्षित नाही तिथे ते होऊ न देणारी एक प्रीप्रोसेसरची अट. ऑक्टोबर २०२० मध्ये लॉगिंगचा कोड नीटनेटका करताना ती अट चुकून निघून गेली. मार्च २०२१ च्या ८.५ आवृत्तीपासून जुना दोष परत सगळीकडे पोचला. तीन वर्षांहून जास्त काळ कुणाच्या लक्षात आलं नाही.

१ जुलै २०२४ ला क्वॉलिस या सुरक्षा कंपनीने (हिचं ऑफिस पुण्यातही आहे) तो जाहीर केला. नाव दिलं 'रिग्रेएसएसएचशन'. इंटरनेटवर सुमारे १ कोटी ४० लाख सर्व्हर धोक्यात असू शकतात, असा त्यांचा अंदाज होता. हल्लेखोराने जोडणी करून मुद्दाम लॉगिन करायचं नाही आणि बरोबर 'मॅलोक' किंवा 'फ्री' अर्धवट असताना अलार्म वाजेल असा वेळ साधायचा. ३२-बिट लिनक्सवर त्यांना सरासरी सुमारे १०,००० प्रयत्न लागले, आणि पत्त्यांचा अंदाजही बांधावा लागत असल्यामुळे रूट मिळायला सरासरी ६ ते ८ तास. पासवर्ड न देता रूट! ओपनबीएसडी मात्र बचावलं, कारण तिथला हँडलर सिग्नलमध्ये चालेल असं 'सिसलॉग'चं वेगळं रूप वापरतो. ते त्यांनी २००१ मध्येच करून ठेवलं होतं.

दुरुस्ती कशी केली ते बघण्यासारखं आहे. ९.८ आवृत्तीत अलार्मचा हँडलर लॉग लिहितच नाही. तो ठराविक कोड देऊन 'अंडरस्कोर-एक्झिट' करतो. बाप प्रोसेस तो कोड वाचते आणि आपल्या नेहमीच्या लूपमध्ये लॉग लिहिते. थोडक्यात काय, तर मरता मरता एक चिठ्ठी ठेवली आणि काम दुसऱ्याने निवांत केलं.

मला यातून दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. एक, 'चालतंय ना' ही सिग्नलच्या कोडची परीक्षा होऊच शकत नाही. १०,००० वेळा नीट चालणारा कोडसुद्धा चुकीचा असू शकतो. इथे टेस्टपेक्षा नियम उपयोगी पडतो. दुसरी, एखादी विचित्र दिसणारी अट कोडमध्ये का आहे, हे तिच्या शेजारीच कॉमेंटमध्ये लिहून ठेवावं. नाहीतर आपल्यानंतरचा कुणीतरी चांगल्या मनाने ती झाडून टाकतो.

करून बघा

१) मेनमध्ये सतत 'मॅलोक' आणि 'फ्री' करा, 'सेटआयटायमर'ने दर मिलिसेकंदाला सिगअलार्म मागवा आणि हँडलरमध्येही तेच करा. कधी प्रोग्रॅम अडकेल, कधी 'अॅबॉर्ट' होईल, कधी काहीच होणार नाही. 'काहीच होणार नाही' हेच सगळ्यात वाईट आउटपुट.

२) एकदम ५० मुलं 'फोर्क' करून लगेच संपवा. सिगचाइल्डचा हँडलर किती वेळा चालला ते मोजा.

३) तोच प्रोग्रॅम सेल्फ-पाइपने लिहा आणि 'पीएस'मध्ये एकही झोंबी नाही याची खात्री करा.

४) सिगटर्म आल्यावर हातातलं काम पूर्ण करून, फाइल बंद करून जाणारा छोटा सर्व्हर लिहा. डॉकर कंटेनर थांबवताना साधारणपणे आधी सिगटर्म देतो आणि १० सेकंदांनी सिगकिल. तेवढ्या १० सेकंदांत आवरता आलं पाहिजे.

चौथा प्रयोग जमला तर तो जर्नलला चिकटवायला हरकत नाही. हॉस्टेलच्या मशीनवर करणार असाल तर आधी शेजारच्याची असाइनमेंट सेव्ह झाली आहे का, तेवढं विचारा.