पळून आलेल्याला परत देऊ नका

आजचे वचन : अनुवाद 23:15-16



आजची दोन वचनं आपण बहुतेक वेळा भरभर वाचून पुढे जातो. धन्यापासून पळालेला दास तुमच्या आश्रयाला आला तर त्याला परत हवाली करू नका, त्याला आवडेल त्या गावी राहू द्या आणि त्याला छळू नका, असं मोशे सांगतो.

आमच्या सॉफ्टवेअरच्या कामात 'डिफॉल्ट' असतं. कोणी काहीच निवडलं नाही तर आपोआप जे होतं ते. जगाचं डिफॉल्ट होतं, 'दास धन्याचा, परत द्या.' बाबेलच्या हम्मुराबी राजाच्या कायद्यात पळालेल्या दासाला घरात लपवणाऱ्याला मरणाची शिक्षा होती. अमेरिकेच्या 1850 च्या कायद्यात मदत करणाऱ्याला 1,000 डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होती. तरीही तिथल्या कित्येक कुटुंबांनी अशा माणसांना दिवसा लपवून, रात्री पुढच्या घरी पोचवून कॅनडापर्यंत जायला मदत केली. देवाच्या नियमशास्त्राने हे डिफॉल्टच उलटं केलं आहे.

या गोष्टीचा एक धागा आपल्या नाशिकलाही येतो. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांच्या आरमाराने समुद्रात गुलामांची गलबतं पकडली. त्यातून सुटलेली काही आफ्रिकन मुलं मुंबईमार्गे नाशिकच्या शरणपूर मिशनमध्ये आली, शाळा आणि हातचं काम शिकली. त्यांच्यापैकी विल्यम जोन्स 1864 मध्ये मोंबासाजवळच्या रबाई गावी सेवेसाठी गेले, पुढे पाळक झाले. किनाऱ्यावरच्या मळ्यांतून पळालेले गुलाम रबाईला येऊ लागले. मालकांच्या धमक्या होत्या, 'पळालेल्यांना ठेवू नका' असा वरूनही दबाव होता. पण माणसं येत राहिली, झोपड्या वाढत राहिल्या. 1888 मध्ये मालकांनी मागणी लावून धरली, तेव्हा रबाई आणि आसपासच्या मिशन केंद्रांत असे सुमारे 1,400 जण निघाले. ब्रिटिश कंपनीचे जॉर्ज मॅकेन्झी यांनी मालकांना भरपाई दिली आणि 1 जानेवारी 1889 ला या लोकांच्या हाती मुक्तीचे कागद पडले. लहानपणी स्वतः गुलाम असलेल्या जोन्स यांना त्या कागदाची किंमत वेगळी सांगायला नको.

मग पौलाने अनेसिमाला परत का पाठवलं, असं कोणी विचारेल. फिलेमोनाचं पत्र नीट वाचा. पौल त्याला दास म्हणून नाही, प्रिय भाऊ म्हणून पाठवतो. आणि त्याचं काही देणं असेल तर ते स्वतःच्या नावावर घेतो. कर्ज माणसापेक्षा मोठं नाही.

आता आपल्या बारामती-इंदापूरकडे बघू. हंगाम सुरू झाला की नीरा आणि भीमेकाठच्या उसाला मराठवाड्यातून टोळ्या येतात. नवरा-बायकोचा एक कोयता. मुकादमाकडून आधीच उचल घेतलेली. प्रत्येक कोयता वेठबिगार असतो असं नाही. पण 'उचल फिटल्याशिवाय इथून हलायचं नाही' म्हणून कोणाला अडवलं, तर ती वेठबिगारी आहे. 1976 च्या कायद्याने ती बंद केली आहे. तिथे कर्ज कायद्यानेच संपतं, आणि 'ही वेठबिगारी नाही' हे सिद्ध करायची जबाबदारी सावकारावर असते, मजुरावर नाही. म्हणजे कायद्यानेही डिफॉल्ट बदललं!

आपलं बदललंय का? स्टँडवर कोणी मोटारसायकलवरून येऊन विचारतो, "एक जोडपं पोरं घेऊन जाताना दिसलं का?" आपण सहज सांगून टाकतो, "आत्ताच गाडीत बसले की!" वर म्हणतो, "उचल खाऊन पळाले." आजचं वचन नेमकं त्या क्षणासाठी आहे. आधी पाणी द्या, पोरांना खायला द्या. मग त्यांना कुठे जायचंय ते त्यांनाच विचारा. त्यांची इच्छा असेल तर प्रांत किंवा जिल्हाधिकारी कार्यालयात सोबत जा. मुक्तीचा दाखला आजही तिथूनच मिळतो.

प्रार्थना : हे प्रभू, मिसरातून तू आम्हाला काढलंस हे आम्ही विसरू नये. आमच्या दाराशी आलेला कोणीही आमच्या तोंडून परत पकडला जाऊ नये. आमेन.