बयाणा देण्याआधी

सांडोर, वसई

चि. बाबू,

काल मिस्सा सुटल्यावर तुझ्या आईने मला चर्चच्या आवारातच गाठलं. तू पुण्यात १९६६ची अॅम्बेसेडर, मार्क टू, पसंत केलीस. रविवारी बयाणा देणार आहेस, आणि तोही वाडी विकून आलेल्या पैशातल्या तुझ्या वाट्यातून. तुला फोन केला तर म्हणालास, "मामा, फोटो बघ, कशी चकाकते!" बघितले सगळे फोटो. एकही खालून काढलेला नाही. गाडी खालून बघितलीस का?

विकणारा म्हणतो, पारशी डॉक्टरची, एकाच हाताची. अरे, बाजारातली प्रत्येक जुनी गाडी एखाद्या पारशी डॉक्टरचीच असते! २०१८च्या जुलैत वसई पाण्याखाली होती, तेव्हा आपल्याकडच्या किती गाड्या बुडल्या ते तू पाहिलंस. त्यांतल्याही काही नंतर रंग लावून 'एकाच हाताच्या' झाल्या.

अॅम्बेसेडर म्हणजे इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड, सीरीज थ्री. १९५८च्या सुमारापासून २०१४पर्यंत ती बंगालात उत्तरपाड्याला बनली. तिला वेगळी चेसिस नाही, सगळा भार पत्र्याच्या सांगाड्यावर. दाराखालचा पत्रा आणि पुढचे टॉर्शन बार मागे जिथे अडकतात तो आडवा भाग, एवढं सडलं की गाडी मधून बसते. वरच्या रंगाला त्याचं काही सोयरसुतक नसतं. म्हणून जॅक लावून एक बाजू उचलायला लाव आणि दार उघड-बंद कर. अडकलं तर नमस्कार करून निघून ये. फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक मडगार्डवरून आणि दाराखालून फिरव. चिकटणार नाही तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे. पायाखालची मॅट उचलून बघ. लाज वाटू देऊ नकोस, पैसे तुझे आहेत.

इंजिनाची मला धास्ती नाही. गेल्या गेल्या बॉनेटवर हात ठेव. गरम लागलं तर समज, थंड असताना ते कसं चालू होतं हे तुला दाखवायचं नाहीये. उतारावर पाय काढून पुन्हा दाबल्यावर मागे निळा धूर आला तर ऑइल जळतंय. पण १४८९ सीसीचं बीएमसी इंजिन उघडता येतं, भरता येतं. ब्रेक, क्लच, पाटे, सगळं होतं. सडलेल्या सांगाड्याचं काय करशील? त्यात आपली खारी हवा. म्हणून पुन्हा विचारतो, खालून बघितलीस का?

आणि लग्नांना भाड्याने देऊन पैसे वसूल करीन, हे तुझ्या डोक्यात कोणी भरवलं? २०२१च्या केंद्राच्या नियमाने पन्नास वर्षांवरच्या गाडीला 'व्हीए' मालिकेचा नंबर घेता येतो, नव्या नोंदणीचे २०,००० रुपये भरून. पण मग ती रोजच्या वापराला किंवा धंद्याला रस्त्यावर काढता येत नाही. शिवाय गाडी मुळातली हवी, कोणी डिझेल इंजिन बसवलं असेल तर तो नंबर विसर. आरसी बुकातले चेसिस नंबर आणि इंजिन नंबर गाडीवर स्वतः वाच. पासिंग कधीपर्यंत आहे ते बघ. फॉर्म २९ आणि ३० वर मूळ मालकाची सही तुझ्यासमोर होऊ दे, एजंटाच्या खिशातली नको.

फार बोललो. राग तुझा नाही आला रे. पापडीच्या गॅरेजात मी उमेदवारी करत होतो तेव्हा एक स्टँडर्ड हेराल्ड विकायला आली होती, मद्रासची. बॉनेट उचललं की मडगार्डसकट सगळं तोंड पुढे कलंडायचं आणि आख्खं इंजिन समोर उघडं. मी रोज ती पुसायचो. पैसे जवळजवळ जमले होते. तेवढ्यात घरात लग्न ठरलं आणि तुझ्या आजोबांनी पैशांकडे नुसतं बघितलं. लग्न तुझ्या आईचं, तेव्हा हे तिला सांगू नकोस. त्या पैशांचं मला कधी वाईट वाटलं नाही. पण पुढे नोकरी, मुलं, घराचं छप्पर, आणि मग मन झालं तेव्हा हेराल्ड दिसेनाशी झाली. अजून रस्त्यावर जुनी गाडी दिसली की मी थांबतो, तुझी मामी पुढे निघून जाते.

तेव्हा घेऊ नकोस असं मी म्हणणार नाही. तुझ्या वयाला ते शोभतं, आणि फणसाखाली जागा आहेच. मात्र वाडीचा पैसा एकदाच येतो. शनिवारी मी पुण्याला येतो. टॉर्च, लोहचुंबक आणि जुनी चादर माझ्याकडे आहे. गुडघे दुखतात, पण आडवं पडायला गुडघे कशाला लागतात? सांगाडा चांगला निघाला तर बयाण्यातले दहा हजार माझे, मामाकडून. नाही निघाला तर दोघं मिळून दुसरी शोधू.

तोवर कुणाच्या हातावर एक रुपयाही ठेवू नकोस. एवढं माझं ऐक.

तुझा,
मामा