छातीचा पहिला फोटो

माझे मूळ घर भंडारा जिल्ह्यातले. बदलीचा हुकूम हाती घेऊन गंगापूरच्या कचेरीत रुजू झालो, तेव्हा आईवडिलांकडून निम्मी-निम्मी वारशाने आलेली सिकलसेलची व्याधीही माझ्याबरोबर गोदाकाठी आली. आमच्याकडे, किंवा गडचिरोलीत, नंदुरबारच्या सातपुड्यात, सिकलसेलचा ‘एसएस पॅटर्न’ एवढे म्हटले की दवाखान्यातली परिचारिकादेखील सावध होते. या मुलखात मात्र हा आजार विरळा, आणि विरळ्या आजाराची ओळख करून देण्याचे काम बहुधा रोग्याच्याच माथी येते.

एका हिवाळ्यात पाठ आणि बरगड्या असह्य ठणकू लागल्या म्हणून मी एका रुग्णालयात दाखल झालो. छातीचा फोटो स्वच्छ निघाला, दुखणे हाडांचे आहे असा निर्वाळा मिळाला, आणि त्या दिवसापुरता तो खराही होता. पुढे ताप चढला, कोरडा खोकला लागला, पलंगापासून मोरीपर्यंत जाताना धाप लागू लागली. तरी ‘फोटो चांगला आहे, सर्दी असेल’ हेच पालुपद चालू राहिले. पत्नीने हट्टाने बोटाला ऑक्सिमीटर लावायला लावला, आकडा बराच उतरलेला दिसला. दुसऱ्या फोटोत फुफ्फुसांच्या तळाशी पांढुरके डाग उमटले होते, आणि त्याच रात्री मला संभाजीनगरला घाटी रुग्णालयात हलवून प्राणवायू, प्रतिजैविके व रक्त द्यावे लागले.

या अवस्थेला वैद्यकात ‘ॲक्यूट चेस्ट सिंड्रोम’ म्हणतात. प्राणवायू कमी पडला की सदोष हिमोग्लोबिनामुळे तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात व सूक्ष्म वाहिन्यांत अडकतात. तीच अडवणूक फुफ्फुसात झाली तर प्राणवायू आणखी घटतो, आणि आणखी पेशी वाकतात. त्यातच बरगडी दुखत असल्यामुळे रोगी उथळ श्वास घेतो, फुफ्फुसांचा तळाचा भाग मिटतो. जंतुसंसर्ग, किंवा हाडातल्या मगजातून सुटलेले चरबीचे कण, यांची भर पडते. म्हणूनच प्रौढांत हे संकट पुष्कळदा हाडदुखीसाठी दाखल झाल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येते, आणि पहिल्या फोटोवर विसंबणे धोक्याचे ठरते. 1910 साली शिकागोच्या डॉ. हेरिक यांनी ज्या रुग्णावरून या रोगाचे पहिले शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले, तो ग्रेनाडाचा दंतवैद्यकाचा विद्यार्थी खोकला-तापानेच त्यांच्या रुग्णालयात आला होता, आणि 1916 मध्ये न्यूमोनियानेच गेला.

तेव्हा सिकलसेलग्रस्ताने प्रकृती ठीक असतानाचा आपला ऑक्सिजनचा आकडा, नेहमीचे हिमोग्लोबिन, रक्तगट आणि पूर्वी रक्त चढवल्याची नोंद एका कागदावर लिहून खिशात बाळगावी. आमच्या कचेरीत सातबाराचा उतारा जसा मागितल्याबरोबर निघतो, तसा तो निघाला पाहिजे. आकडा नेहमीपेक्षा तीननेही उतरला, किंवा ताप, खोकला, छातीत कळ यांपैकी काही दिसले, तर घरगुती काढ्यात वेळ न दवडता मोठे रुग्णालय गाठावे, आणि दुसरा फोटो निःसंकोच मागावा. दाखल असताना श्वासाच्या व्यायामाचे तीन गोळ्यांचे प्लॅस्टिकचे यंत्र (पोरखेळ वाटते खरे!) जागेपणी दर दोन तासांनी दहा वेळा श्वास ओढून वापरावे. वेदनाशामक पुरेसे हवे, कारण कळ थांबल्याखेरीज खोल श्वास घेववत नाही. पण त्याने गुंगी फार आली तर श्वासच मंदावतो, हे नातेवाइकांनी ध्यानात ठेवावे. सलाईनच्या बाटल्यांचा आग्रहही धरू नये. अतिरिक्त पाणी फुफ्फुसांतच साचते.

हायड्रॉक्सीयुरिया नियमित घेतल्याने छातीचे हे झटके निम्म्याच्या आसपास कमी होतात, असे अमेरिकेतील प्रौढ रुग्णांवरच्या चाचणीत 1995 साली दिसून आले. मात्र रक्ततपासणी वेळच्या वेळी करावी लागते. न्यूमोकोकसची लसही टोचून घ्यावी. आणि ताप-खोकला काहीच नसताना जिना चढताना महिनोन्महिने दम वाढत असेल, तर ‘रक्त कमी आहे’ या उत्तरावर समाधान न मानता हृदयाची टू-डी इको करून घ्यावी, कारण फुफ्फुसांच्या रक्तवाहिन्यांतील वाढलेल्या दाबाचा संशय प्रथम तिथेच येतो.