इथे चालतो, तिथे का नाही?

या वेळच्या बहुतेक पत्रांचा सूर एकच आहे: सी भाषेतला प्रोग्राम एका कॉम्प्युटरवर बिनतक्रार चालत होता, दुसऱ्यावर नेला आणि बिनसला. म्हणून हे पान सगळेच सीला दिले आहे. एक गोष्ट आधीच सांगतो, म्हणजे प्रत्येक उत्तरात सांगावी लागणार नाही. सीमध्ये लिहिताना आपला करार मानकाशी होतो. ते मानक १९८९ साली अमेरिकेत आणि १९९० साली आंतरराष्ट्रीय पातळीवर मंजूर झाले, पुढे १९९९ आणि २०११ मध्ये मोठ्या सुधारणा झाल्या. तुमचा कंपायलर त्याहून जास्त काही देत असेल तर ती त्याची मर्जी. दुसऱ्या कंपायलरकडे ते मागायचा हक्क आपल्याला नाही.

कॉलेजच्या लॅबमध्ये टर्बो सी आहे, घरी दादाच्या लॅपटॉपवर लिनक्स. लॅबमधला प्रोग्राम घरी कंपाइल होत नाही, ‘कोनिओ’ सापडत नाही म्हणतो. ती ओळ आणि क्लिअरस्क्रीन काढले तर चालतो, पण ८ चे फॅक्टोरियल लॅबमध्ये -२५२१६ येते आणि घरी ४०३२०. सरांनी वहीत ‘रेंज’ एवढेच लिहून दिले आहे. — एक विद्यार्थिनी, सांगली

आधी -२५२१६ कडे पाहू, कारण तो आकडा फार बोलका आहे. टर्बो सी बोरलँड कंपनीने १९८७ मध्ये आणला, डॉसच्या काळात. त्याचा इंट दोन बाइटचा, ३२७६७ पर्यंत मोजणारा. ७ चे फॅक्टोरियल ५०४०, ते मावते. ८ चे ४०३२० मावत नाही. त्यातून ६५५३६ वजा केले की -२५२१६ उरतात, वहीत करून पाहा. लिनक्सवर इंट चार बाइटचा, म्हणून तिथे १२ पर्यंत उत्तर बरोबर येईल आणि १३ ला तेच दुखणे वर येईल. तेव्हा घरचा लॅपटॉप खरा आणि लॅब खोटी असे समजू नका. चूक प्रोग्राममध्ये आहे, ती लॅबमध्ये लवकर दिसली इतकेच.

मानक म्हणते, इंट किमान १६ बिटांचा, लाँग किमान ३२ बिटांचा आणि १९९९ पासून लाँग लाँग किमान ६४ बिटांचा. ‘किमान’ या शब्दाखाली लाल रेघ मारून ठेवा. लाँग घेतलात आणि छापताना टक्का-एल-डी लिहिलेत, तर लॅबमध्ये आणि घरी दोन्हीकडे १२ पर्यंत एकच उत्तर येईल. लाँग लाँग टर्बो सीला ठाऊक नाही. घरी तो वापरलात तर २० पर्यंत मजल जाते.

कोनिओ, क्लिअरस्क्रीन, गेटच ही डॉसवरच्या कंपायलरांची सोय आहे, मानकात त्यांचा उल्लेखही नाही. मेनच्या आधीचे व्हॉइडही काढा, तिथे इंट लिहा. आणि स्कॅनएफनंतर एफफ्लश करून इनपुट ‘साफ’ करायची सवय लागली असेल तर आजच मोडा. एफफ्लश बाहेर लिहिण्याच्या प्रवाहासाठी आहे, आत येणाऱ्या प्रवाहावर तो काय करील याची हमी मानक देत नाही. अख्खी ओळ एफगेट्सने वाचा आणि मग तिच्यातून आकडे काढा.

शीतगृहातल्या तापमानाच्या नोंदी वाचणारा छोटा प्रोग्राम पीसीवर वर्षभर चालला. तोच रास्पबेरी पायवर टाकला तर फाइल संपली तरी थांबतच नाही. शिवाय उणे १ अंशाच्या जागी २५५ दाखवतो. बोर्ड खराब आहे का? — एक द्राक्ष बागायतदार, निफाड

बोर्ड शाबूत आहे. दोन्ही लक्षणांचा आजार एकच: साधा कॅर. त्यात उणे किंमत राहते की नाही हे मानकाने कंपायलरवर सोपवले आहे. इंटेलच्या पीसीवर कॅर -१२८ ते १२७ असा मोजतो. एआरएम प्रोसेसरवरच्या लिनक्समध्ये, म्हणजे तुमच्या पायवर, ० ते २५५. उणे १ तिथे २५५ होऊन बसतो.

आता न थांबण्याचे. तुम्ही गेटसीचे उत्तर कॅरमध्ये घेता आणि ते ईओएफ आहे का विचारता. ईओएफ ही उणे संख्या आहे, बहुतेक ठिकाणी -१. पायवर ती कॅरमध्ये शिरताच २५५ होते आणि २५५ कधीच -१ च्या बरोबर होत नाही, मग लूप फिरत राहतो. पीसीवर चालले तेही नशिबाने. फाइलमध्ये मधेच २५५ हा बाइट आला असता तर तिथे प्रोग्राम अर्ध्यातच थांबला असता. गेटसी इंट परत देतो तो याचसाठी: सगळे २५६ बाइट आणि वर एक ‘संपले’ची खूण. ते उत्तर इंटमध्ये घ्या आणि तापमान साइन्ड कॅर किंवा सरळ इंटमध्ये ठेवा. जीसीसीला कॅर अनसाइन्ड धरायला लावणारा पर्याय आहे. तो देऊन पीसीवरच प्रोग्राम चालवून पाहिलात तर अशा चुका बोर्ड जोडण्याआधी सापडतील.

केळीच्या वखारीच्या नोंदी विंडोजवरच्या माझ्या प्रोग्रामने फाइलमध्ये ठेवल्या. स्ट्रक्चरमध्ये प्रतीचे एक अक्षर आणि वजनाचा लाँग, एफराइटने सरळ लिहिलेले. आता लिनक्सवर तोच कोड तीच फाइल वाचतो तर नोंदी निम्म्याच मिळतात आणि पाच क्विंटलच्या जागी दोन हजार कोटींच्या वरचा आकडा येतो. दोन्ही मशीन ६४ बिटांची आहेत. चार वर्षांच्या नोंदी गेल्या का? — जळगाव

नोंदी सुरक्षित आहेत. ती फाइल आहे तशीच ठेवा, तिच्यावर काही लिहू नका आणि पुढचे शांतपणे वाचा.

६४ बिटांच्या विंडोजवर लाँग चार बाइटचाच आहे, ६४ बिटांच्या लिनक्सवर आठ बाइटचा. शिवाय कंपायलर आकडा सोयीच्या पत्त्यावर यावा म्हणून अक्षरानंतर रिकामी जागा सोडतो, तिला पॅडिंग म्हणतात. विंडोजवर तुमची नोंद एक अधिक तीन अधिक चार अशी आठ बाइटची झाली. लिनक्सवर तेच स्ट्रक्चर एक अधिक सात अधिक आठ, म्हणजे सोळा बाइटचे. त्यामुळे लिनक्स एका घासात दोन नोंदी गिळतो: प्रत पहिल्या नोंदीतली आणि वजन म्हणून दुसरी अख्खी नोंद. दुसरीतले पाच क्विंटल त्या आठ बाइटांच्या वरच्या अर्ध्यात जाऊन बसतात, म्हणजे ४२९,४९,६७,२९६ ने गुणले जातात. पाचपट केलीत की २१४७ कोटी. तुमचा आकडा हाच असणार.

जुनी फाइल वाचण्यासाठी आठ-आठ बाइट अनसाइन्ड कॅरच्या ॲरेमध्ये घ्या. पहिला बाइट प्रत, पुढचे तीन सोडून द्या, शेवटच्या चारांतून वजन जुळवा. इंटेलवर खालचा बाइट आधी येतो, तेव्हा पाचवा बाइट तसाच, सहावा २५६ ने गुणून, सातवा ६५५३६ ने, आठवा १,६७,७७,२१६ ने, आणि सगळ्यांची बेरीज. गुणाकार ३२ बिटांच्या अनसाइन्ड प्रकारात करा.

इथे आणखी एक विचारतो: फाइल उघडताना ‘बी’ लिहिला होता का? नसेल तर विंडोजने किंमत १० असलेल्या प्रत्येक बाइटच्या आधी १३ हा बाइट घुसवला असेल, कारण टेक्स्ट पद्धतीत १० म्हणजे ओळीचा शेवट. दहा क्विंटलची नोंद मग नऊ बाइटची, आणि तिथून पुढचे सगळे एक घर सरकलेले. विंडोजवर वाचताना तो १३ परत गाळला जातो, म्हणून तुम्हाला कधी कळलेही नसेल. २६ क्विंटलची नोंद तर आणखी घातक: टेक्स्ट पद्धतीने वाचताना विंडोज २६ ला फाइलचा शेवट समजते. जुनी फाइल लिनक्सवर वाचण्याआधी १३-१० ही जोडी पुन्हा नुसता १० करून घ्यावी लागेल.

पुढच्या नोंदींसाठी स्ट्रक्चर जसेच्या तसे फाइलमध्ये ओतणे बंद करा. स्वल्पविराम घालून साधा मजकूर लिहिलात तरी वखारीच्या हिशेबाला पुरे आहे, आणि दहा वर्षांनी तो कुणीही वाचू शकेल. बायनरीच हवी असेल तर प्रत्येक आकडा किती बाइटचा आणि कोणता बाइट आधी हे कागदावर ठरवा आणि एकेक बाइट स्वतः लिहा. स्टडइंट या हेडरमध्ये १९९९ पासून नेमक्या मापाचे प्रकार मिळतात, ते वापरा. एसक्यूलाइट ही डेटाबेस लायब्ररी हेच करते: तिच्या फाइलमधले आकडे मोठा बाइट आधी अशा ठरलेल्या क्रमाने असतात, मशीन कोणतेही असो. म्हणून फोनवरची एसक्यूलाइट फाइल लॅपटॉपवर तशीच उघडते.

हे दुखणे सीच्या जन्मापासूनचे आहे. बेल लॅब्जमध्ये डेनिस रिची आणि स्टीव्ह जॉन्सन यांनी १९७७ च्या सुमारास युनिक्स पीडीपी-११ वरून इंटरडेटा ८/३२ या वेगळ्या घडणीच्या मशीनवर नेले आणि १९७८ मध्ये त्यावर सविस्तर लेख लिहिला. त्याच सुमारास ऑस्ट्रेलियातल्या वोलोंगाँग विद्यापीठातही इंटरडेटा ७/३२ वर युनिक्स उतरवले गेले. त्या काळचा एक किस्सा अजून सांगितला जातो: बाइटांचा क्रम उलटल्याने नव्या मशीनवर ‘युनिक्स’च्या इंग्रजी स्पेलिंगमधली अक्षरे जोडीजोडीने पालटली आणि पडद्यावर ‘नक्सी’ उमटले. बाइटांच्या क्रमाच्या या घोळाला आजही नक्सी प्रॉब्लेम म्हणतात.

मुलांच्या नावांची यादी मराठीत करायची आहे. ‘मराठी’ या शब्दाची लांबी स्ट्रलेन १५ सांगतो. काही नावांच्या शेवटी चौकोन येतात, आणि अक्षर आहे का तपासणारे इसअल्फा विंडोजवर कधीकधी प्रोग्रामच बंद पाडते. — एक शिक्षिका, रत्नागिरी

स्ट्रलेन बाइट मोजतो. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटचे. म, र, काना, ठ, वेलांटी अशी पाच चिन्हे, म्हणून पंधरा. आपल्या लेखी अक्षरे तीनच. तिन्ही उत्तरे आपापल्या जागी बरोबर आहेत, आपल्याला कोणते हवे ते ठरवावे लागते. नावासाठी वीस बाइटचा ॲरे घेतला असेल तर शेवटच्या शून्याला एक सोडून एकोणीस उरतात: सहा चिन्हे आणि सातव्याचा एक तुकडा. तो तुकडाच चौकोन होऊन दिसतो. ॲरे ऐसपैस घ्या, आणि कापायचेच झाले तर १२८ ते १९१ या किमतीच्या बाइटच्या आधी कापू नका. ते बाइट चिन्हाच्या मधले असतात.

इसअल्फाची गोष्ट वरच्या निफाडच्या पत्रासारखीच. ‘म’चे बाइट २२४, १६४, १७४. साइन्ड कॅरमध्ये ते -३२, -९२, -८२ होतात, आणि इसअल्फाला ईओएफ सोडून उणे संख्या द्यायची मनाई आहे. आधी अनसाइन्ड कॅरमध्ये बदलून मगच द्या. तसे केले तरी ‘म’ हे अक्षर आहे असे सांगणे त्याच्या आवाक्यातले नाही, बाइट पाहून ते कसे सांगणार?

वाइड कॅरेक्टरने सुटका होईल असे कुणी सांगितले तर जरा थांबा. त्याचे माप विंडोजवर दोन बाइट, लिनक्सवर चार. देवनागरी दोन बाइटमध्ये बसते, पण आपली मोडी लिपी २०१४ मध्ये युनिकोडमध्ये आली ती त्यापलीकडच्या जागेत. मोडीतल्या एकेका अक्षराला विंडोजवर दोन घरे लागतात आणि मोजणी पुन्हा फसते. फाइलमध्ये आणि प्रोग्राममध्ये यूटीएफ-८ च ठेवा.

एकाच कोडने दोन मशीनवर गुणवत्ता यादी काढली. समान गुण असलेल्या मुलांचा क्रम दोन्हीकडे वेगळा आला. पालक विचारतात, काय सांगू? — सोलापूर

क्यूसॉर्ट समान किमतीच्या नोंदींचा मूळ क्रम राखील अशी हमी मानकात नाही. गुण समान असतील तर हजेरी क्रमांक पाहा, असे तुलनेच्या फंक्शनमध्येच लिहा. मुलाचा क्रमांक लायब्ररीच्या लहरीवर ठेवू नये.

आमच्या जुन्या कोडमध्ये इफडेफचे जंगल माजले आहे. एका फंक्शनमध्ये विंडोज, लिनक्स, मॅक, जुना मॅक. कुठून सुरुवात करू? — एक अभियंता, सध्या सिंगापूर

थोडा वेळ थांबण्याच्या फंक्शनपासून करा. युनिक्सचा स्लीप सेकंद घेतो, विंडोजचा मिलिसेकंद. नाव सारखे म्हणून कुणीतरी मॅक्रोने एकाला दुसरे केलेले असते आणि पाच सेकंदांचे पाच मिलिसेकंद होतात. असा कोड मी पाहिला आहे: मशीनला शांत व्हायला वेळच मिळत नव्हता आणि दोष सेन्सरवर येत होता.

आपल्या गरजेच्या नावाचे फंक्शन ठरवा, ‘इतके मिलिसेकंद थांब’. ते एका हेडरमध्ये जाहीर करा, विंडोजसाठी एक फाइल, युनिक्ससाठी दुसरी, आणि कोणती कंपाइल करायची ते बिल्डवर सोडा. मग फाइलचे कुलूप, फोल्डर वाचणे, थ्रेड, एकेक करत जंगल विरळ होईल. एसक्यूलाइटमध्ये ऑपरेटिंग सिस्टिमशी बोलणारा भाग असाच वेगळा काढलेला आहे. हेन्री स्पेन्सर आणि जेफ कॉलियर यांनी सी न्यूज या सॉफ्टवेअरच्या अनुभवावरून १९९२ मध्येच इफडेफविरुद्ध लेख लिहिला होता, तो अजून लागू पडतो.

जिथे इफडेफची अट टाळता येत नाही तिथे सिस्टिमचे नाव विचारू नका, हवी ती सोय आहे का ते विचारा. ऑटोकॉन्फ आणि सीमेक ते तपासून देतात. आणि हेडरच्या नावातले लहान-मोठे अक्षर जपा. विंडोज ते चालवून घेते, लिनक्स नाही.

आय बरोबर आय++ अधिक ++आय, आय आधी ५. पेपरात उत्तर काय अपेक्षित आहे? तीन कंपायलर तीन उत्तरे देतात. — सीचे अध्यापक, नांदेड

मानकाच्या भाषेत हे ‘अनडिफाइन्ड’ आहे. कंपायलरने ठरवून दस्तऐवजात लिहायच्या गोष्टी वेगळ्या, जसे इंटचे माप. काही पर्यायांतला कोणताही चालेल अशाही गोष्टी आहेत, जसे फंक्शनला दिलेल्या दोन किमतींपैकी आधी कोणती काढायची. इथे मात्र एकाच विधानात आय तीनदा बदलतो, त्यांचा आपसातला क्रम ठरलेला नाही, आणि अशा विधानाला मानक काहीच अर्थ देत नाही. जीसीसीमध्ये ‘वॉल’ हा पर्याय सुरू ठेवलात तर तो या ओळीवर वॉर्निंगही देतो.

तेव्हा सर, प्रश्न पेपरात ठेवायचाच असेल तर ‘उत्तर किती’ असे न विचारता ‘ही ओळ का लिहू नये’ असे विचारा. आणि जुन्या पद्धतीच्या पेपरात कुणी ‘याला ठरलेले उत्तर नाही’ असे कारणासकट लिहिले, तर त्या मुलाला पूर्ण गुण द्या.