कॉपी ४ जीबीवरच का अडते?

प्रश्न : माझा लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगचा व्यवसाय आहे. दुकानातल्या राउटरला लावलेल्या हार्ड डिस्कवर मोठी फाइल टाकली की कॉपी ४ जीबीजवळ थांबते. जागा भरपूर आहे. राउटर बदलू का?
– एक वाचक, कारंजा (घाडगे), जि. वर्धा

उत्तर : नवा राउटर घेऊन पैसे घालवू नका. दर वेळी नेमक्या ४ जीबीलाच अडते, म्हणजे डिस्क बहुतेक फॅट३२ फॉरमॅटची आहे. त्यात फाइलचा आकार ३२ बिटांत नोंदवतात. त्यामुळे एक फाइल ४,२९,४९,६७,२९५ बाइटपलीकडे जाऊच शकत नाही, डिस्क कितीही मोठी असो.

डिस्क थेट संगणकाला जोडून प्रॉपर्टीजमध्ये ‘फाइल सिस्टिम’ बघा. फॅट३२ दिसलं तर एनटीएफएस किंवा एक्सफॅट करा. पण तुमचा राउटर त्यातलं काय ओळखतो, हे त्याच्या पुस्तिकेत आधी पाहा. एक्सफॅट सगळ्यांना चालत नाही.

२ जीबीवर अडलं असतं, तर मी नेटवर्कवरून फाइल पुरवणाऱ्या जुन्या एनएफएस प्रोटोकॉलवर संशय घेतला असता. त्याच्या दुसऱ्या आवृत्तीची ती मर्यादा १९९५च्या तिसऱ्या आवृत्तीत गेली. दर वेळी वेगळ्या ठिकाणी तुटत असेल, तर केबल आणि वायफाय तपासा.

फॉरमॅट केल्यावर डिस्कवरचं सगळं पुसलं जातं. कुणाच्या लग्नाचं शूटिंग पुन्हा करता येत नाही, म्हणून आधी दुसऱ्या डिस्कवर प्रत घ्या आणि ती उघडून बघा.