हातात देऊ नकोस, वाटेत ठेव

अगं, परवा फोनवर म्हणालीस, शाळेनं सुट्टीत वाचायच्या वीस पुस्तकांची यादी पाठवलीय आणि तू ती सगळी एकदम ऑनलाइन मागवून मोकळी होणार आहेस. थांब जरा. वीस पुस्तकांचं खोकं एका दिवशी घरात आलं की मुलांना त्यात पुस्तकं दिसत नाहीत, ढीग दिसतो. आणि ढीग उपसायचा असतो, वाचायचा नसतो.

तुला आठवतं का बघ. तू सात वर्षांची असताना मे महिन्यात मी तुझ्या हातात ‘श्यामची आई’ दिलं होतं. रोज दहा पानं, असं फर्मान काढून. तू ते गादीखाली लपवलंस आणि हरवलं म्हणून सांगितलंस. सासूबाईंना, म्हणजे तुझ्या आजीला, गाद्या उन्हात टाकताना ते सापडलं. त्या तुला रागावल्या नाहीत, मलाच बाजूला घेऊन म्हणाल्या, “पुस्तक हातात दिलं की ते काम होतं. वाटेत सापडलं की त्याचं होतं.” स्वतः चौथीपर्यंत शिकलेली बाई. मग कल्याणच्या वाड्यातल्या झोपाळ्यावर त्यांनी ते नुसतं ठेवून दिलं आणि रात्री जेवणं झाल्यावर मोठ्यानं वाचायला बसल्या, जणू स्वतःसाठीच. तिसऱ्या रात्री तू त्यांच्या मांडीवर होतीस. पुढे वीसेक वर्षं मी वाचनालयात मुलांच्या कपाटापाशी काम केलं, पण त्या एका वाक्यापेक्षा फार काही जास्त शिकले, असं वाटत नाही.

त्यांनी वाचून दाखवायचं ठरवलं, त्यामागे अक्कल होती. साने गुरुजींनी ते पुस्तक 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं आणि त्याची प्रकरणं नाहीतच, ‘रात्री’ आहेत. बेचाळीस. श्याम रोज रात्री मित्रांना गोष्ट सांगतो, अशी त्याची मांडणी. म्हणजे ते मुळातच ऐकायचं पुस्तक आहे आणि रोज एक रात्र धरली तर मेच्या सुट्टीत बरोबर बसतं. शेवटच्या काही रात्रींना मात्र मुलांना एकटं सोडू नकोस. आईचं आजारपण आणि मरण आहे त्यात. धाकट्याला अजून वर्षभर नाही दिलंस तरी चालेल.

यावरूनच पहिली गोष्ट लक्षात ठेव. मुलाचा कान त्याच्या डोळ्यापेक्षा दोन इयत्ता पुढे असतो. तुझी दोघंही इंग्रजी शाळेतली. थोरली पाचवीत जाईल, पण तिचं मराठी वाचन दुसरीचं आहे आणि समज मात्र पाचवीचीच. अशा मुलांना वाचता येईल ते पुस्तक बाळबोध वाटतं आणि आवडेल ते वाचवत नाही. मग आया म्हणतात, “हिला मराठीची गोडीच नाही.” गोडी असते गं, जोडाक्षरं आडवी येतात. म्हणून दोन पुस्तकं बरोबरीनं चालू ठेव. एक तिनं स्वतः वाचायचं, सोपं. एक तू वाचून दाखवायचं, अवघड.

सोपं कसं ओळखायचं? पुस्तक मधोमध उघड. पहिलं पान नको, ते लेखकानं आणि प्रकाशकानं जपून केलेलं असतं. तिला ते पान मोठ्यानं वाचू दे. अडली की एक बोट मिटायचं. एकदोन बोटं मिटली तर पुस्तक तिचं. पान संपायच्या आत पाचही मिटली तर पुस्तक तुझं, म्हणजे वाचून दाखवायचं. एकही मिटलं नाही तरी परत ठेवू नकोस, सुट्टी आहे, सोपंही वाचू दे. ही पाच बोटांची युक्ती जगभरच्या शाळांत चालते. मराठीसाठी मी तिच्यात एक भर घातली आहे: अडली ती शब्दाच्या अर्थाला की ‘द्व’, ‘ष्ठ’, ‘ह्म’ अशा अक्षराला, ते बघ. अर्थाला अडली तर सांगून टाक. अक्षराला अडत असेल तर आणखी सोपं पुस्तक काढ, पण ते तिला कळू देऊ नकोस. “हे धाकट्याला वाचून दाखवशील का?” असं विचार. बहिणीचा मान राहतो आणि वाचनही होतं.

छपाईकडे नीट बघ. आपल्या अक्षरांना वर वेलांट्या, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार. दोन ओळी खेटून छापल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत अडकतो आणि पोरगं ओळ चुकतं. पानं वाचवायला बारीक टाइपात दाटीवाटीनं छापलेली पुस्तकं कितीही चांगल्या लेखकाची असली तरी या वयात नकोत. उलट, एका पानावर दोनच ओळी आणि बाकी चित्र, अशा पुस्तकावर “एवढ्याचे पैसे?” म्हणून नाक मुरडू नकोस. माधुरी पुरंदरे यांची ‘राधाचं घर’ किंवा यशच्या गोष्टी बघ. लिहितातही त्या आणि चित्रंही त्याच काढतात, त्यामुळे चित्रात जे असतं ते शब्दांत पुन्हा येत नाही. राधाच्या घरातली माणसं आपल्याकडच्यासारखी वागतात. धाकट्यासाठी मी डोळे मिटून हीच घेईन.

थोरलीसाठी त्यांनीच संपादित केलेलं ‘वाचू आनंदे’ आण. मराठीतल्या अनेक लेखकांचे वेचे आहेत त्यात, बाल आणि कुमार अशा दोन गटांत. ते सलग वाचायला लावायचं नाही. लग्नाच्या पंगतीत पोरं जशी आधी जिलबीकडे वळतात तशी तिला वळू दे. एखादा वेचा तिनं दोनदा वाचला, तर त्या लेखकाचं अख्खं पुस्तक शोधायचं, हे आपलं काम.

पुस्तकाची पाठ आणि शेवटचं पान बघायची माझी सवय तुला माहीत आहे. शेवटी चौकटीत ‘तात्पर्य’ छापलेलं असेल किंवा ‘रिकाम्या जागा भरा’ असेल, तर मी ते पुस्तक खाली ठेवते. गोष्ट चांगली असेल तर तात्पर्याची गरज नाही आणि वाईट असेल तर तात्पर्यानं ती सुधारत नाही. दुसरं, भाषांतर असेल तर आतल्या पानावर अनुवादकाचं नाव शोध. ज्या पुस्तकावर अनुवादकाचं नावच नाही, ते कोणी तरी घाईत उरकलेलं असतं, असा माझा अनुभव. दहा परीकथांचे चकचकीत संच येतात, पुठ्ठा जाड आणि आतली मराठी बिनमिठाची, ते बहुधा यातलेच.

चांगलं भाषांतर मात्र मूळ पुस्तकाच्या तोडीचं असतं. ‘तोत्तोचान’ घे. तेत्सुको कुरोयानागींनी लिहिलेल्या त्यांच्या बालपणीच्या जपानी आठवणी, चेतना सरदेशमुख-गोसावींनी मराठीत आणलेल्या, नॅशनल बुक ट्रस्टचं पुस्तक. त्या शाळेचे वर्ग आगगाडीच्या जुन्या डब्यांत भरतात. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून निघालेली पहिली गाडी जिथं येऊन थांबली, त्या ठाण्यातल्या पोरांना हे वाचून दाखव आणि मग लोकलमध्ये बसल्यावर विचार, “या डब्यात वर्ग भरला तर फळा कुठं लावायचा?” मी विचारलं होतं एकदा डोंबिवली ते ठाणे प्रवासात. धाकट्यानं उत्तर दिलं, “आधी उभं राहायला जागा तर होऊ दे.”

हो, धाकटा. त्याला गोष्टी आवडत नाहीत, अशी तुझी तक्रार. नसतील आवडत. काही मुलांना माहिती लागते: किडे, किल्ले, गाड्या, ग्रह. तो लोकलचं वेळापत्रक तोंडपाठ म्हणतो ना? तेही वाचनच आहे. त्याला नकाशांचं पुस्तक दे, घरी करायच्या प्रयोगांचं दे. गोष्टींची पुस्तकं भांडायला उठतात त्याच्याशी, तर आत्ता भांडण कशाला. त्याला विंदांच्या बालकवितांनी मात्र पकडता येईल, मी पैज लावते. ‘राणीची बाग’, ‘एकदा काय झाले’ ही पुस्तकं पातळ आहेत, ओळी आखूड आणि सगळा कारभार उलटापालटा. कविता वाचायला लावू नकोस, जेवताना मोठ्यानं म्हण आणि शेवटचा शब्द गाळ. तो भरेल.

मालिकेतलं पुस्तक सापडलं की सुट्टी निभावली समज. मूल एका पात्राच्या ओळखीचं झालं की पुढचं पुस्तक निवडायचा प्रश्नच संपतो. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा फास्टर फेणे अजून चालतो, मी वाचनालयात डोळ्यांनी पाहिलंय. पुठ्ठे निखळायचे त्याच पुस्तकांचे. दिलीप प्रभावळकरांचा बोक्या सातबंडे शहरातल्या मुलांना आणखी जवळचा. ताम्हनकरांचा ‘गोट्या’ तुला दूरदर्शनवरच्या मालिकेमुळे वाचावासा वाटला होता, आठवतंय? तेव्हा मुलांनी आधी सिनेमा किंवा मालिका पाहिली तर पुस्तक नासलं, असं मानू नकोस. फक्त ‘गोट्या’तलं जग जुनं आहे. पहिली दोन प्रकरणं शेजारी बसून वाच, मग ती आपली आपण जाईल.

आता पुस्तकं कुठून आणायची. विकत घेण्याआधी दोघांना वाचनालयात ने. संध्याकाळी ने, भर दुपारी घामाघूम होऊन नको. तू राहतेस त्या ठाण्यात वि. ल. भावे यांनी 1893 साली सुरू केलेलं मराठी ग्रंथसंग्रहालय आहे आणि वर्षानुवर्षं त्याच्यावरून तू रिक्षानं जातेस. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय त्याहून जुनं, 1864 सालचं. तुझे आजोबा तिथूनच पुस्तकं आणायचे. इकडे डोंबिवलीत पै यांची फ्रेंड्स लायब्ररी सगळ्यांना ठाऊक आहे. वेळा, वर्गणी, अनामत विचारून घे आणि वर्गणीदार म्हणून नाव मुलांचं घाल, तुझं नको. मग कपाटासमोर उभी करून दोन पावलं मागं सरक. हे सगळ्यात अवघड. तुझी जीभ शिवशिवेल, “अगं ते नको, हे घे.” बोलू नकोस. चार पुस्तकं न्यायची असतील तर तीन त्यांच्या मनाची आणि एक तुझ्या मनाचं, असा करार कर. त्यांनी भुताचं घेतलं तर घेऊ दे, मात्र ते दुपारी वाचायचं. नाही आवडलं तर अर्धवट परत करू दे. दानिएल पेनाक नावाच्या फ्रेंच मास्तरांनी 1992 साली वाचकांच्या हक्कांची यादीच केली. पुस्तक अर्धवट सोडायचा हक्क तिच्यात आहे आणि पानं गाळायचाही. आपण मोठी माणसं रोज हे करतो आणि मुलांना मात्र “घेतलंस ना, मग संपव” म्हणतो, जशी काय ताटातली भाजी आहे.

पैसे फार घालायचे नसतील तर नॅशनल बुक ट्रस्ट आणि प्रथम बुक्स यांची पुस्तकं स्वस्त आणि चांगली. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक 1971 पासून निघतंय, त्याचे जुने अंक त्यांनी संकेतस्थळावर मोफत ठेवलेत. तुझ्या लहानपणीचा एखादा अंक काढून दाखव. आईनं वाचलेलं म्हटल्यावर थोरली नक्की डोकावेल. तुमच्या सोसायटीत एवढी बिऱ्हाडं, लिफ्टपाशी एक खोकं ठेवा, घ्या आणि ठेवा. फक्त पुस्तकांना खाकी कव्हरं घालू नका. पुस्तक टिकावं म्हणून आम्ही वाचनालयात वर्षानुवर्षं घातली आणि ज्या चित्राकडे बघून पोरानं पुस्तक उचलायचं तेच झाकून टाकलं. फार उशिरा उमगलं.

घरात आणल्यावर कपाटात लावू नकोस. एक खिडकीच्या कट्ट्यावर, एक आंब्याच्या अढीपाशी, एक गावी न्यायच्या पिशवीत वरच. गाडीसाठी पातळ पुस्तकं, आणि दोघांना एकच नको, भांडतात. दुपारी दोन ते पाच मोबाइल तुझ्याही हातात नको. हे कडू आहे, पण त्यावाचून बाकीचं सगळं फुकट. वाचून झालं की “काय शिकलास?” विचारू नकोस, “पुढे काय झालं?” विचार. शाळेच्या तक्त्यात किती पुस्तकं भरली याची काळजी सोड. सात भरली तर सात लिही. जूनमध्ये बाई काही बोलल्याच तर माझं नाव सांग.

ऑनलाइनची ती मागणी रद्द केलीस का? शनिवारी दोघांना घेऊन ये आणि एक रिकामी पिशवी आण. तुझं ते गादीखालचं ‘श्यामची आई’ अजून आहे माझ्याकडे, पाठीचा पुठ्ठा तेवढा गेलाय. झोपाळा आता नाही, तर बाल्कनीतल्या खुर्चीवर ठेवलंय.