ब्रँचचे नाव आणि सर्व्हरचे काम

सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणजे ऑफिसातले संगणक, नेटवर्क आणि सर्व्हर चालते ठेवणारा माणूस. सीईटीचे पर्सेंटाइल हाती आले, की कॅप राउंडच्या अर्जात पहिल्या पसंतीला ‘एआय अँड डेटा सायन्स’ भरले जाते आणि या कामाची कोणाला आठवणही होत नाही. इंजिनिअरिंग, बीसीए, बीएस्सी आयटी हे मार्ग घरोघरी पाठ आहेत. दहावीनंतरचा पॉलिटेक्निकचा तीन वर्षांचा डिप्लोमा किंवा आयटीआयचा एक वर्षाचा ‘कोपा’ ट्रेड मात्र ‘कमी मार्कांच्या मुलांचा’ म्हणून बाजूला टाकला जातो. हे चूक आहे. या क्षेत्रात शिरायला ती दोन्ही दारे पुरेशी आहेत.

आवड आणि कुवत तपासायची असेल तर विद्यार्थ्याने दहा-बारा जणांच्या ऑफिसला पुरेल असा, वेबमेलची सोय असलेला ईमेल सर्व्हर उभा करून पाहावा. त्यासाठी एक डोमेन नाव आणि स्थिर आयपी पत्ता असलेला, भाड्याने मिळणारा छोटा सर्व्हर लागतो. त्यावर डेबियन लिनक्स टाकायचे. मेल पाठवण्या-स्वीकारण्याचे काम पोस्टफिक्स करते, मेलबॉक्स सांभाळण्याचे डव्हकॉट, आणि ब्राउझरमध्ये इनबॉक्स दाखवण्याचे राउंडक्यूब. तिन्ही सॉफ्टवेअर विनामूल्य मिळतात. लेट्स एन्क्रिप्टचे सुरक्षा प्रमाणपत्रही फुकट असते. पण त्याची मुदत थोडी असल्याने ते आपोआप नवे होण्याची व्यवस्था पहिल्याच दिवशी लावावी लागते.

खरा अभ्यास यानंतर सुरू होतो. पहिले मेल बहुधा पोहोचतच नाही. लॉग उघडला की ‘कनेक्शन टाइम्ड आउट’ ही ओळ पुन्हा पुन्हा दिसते, कारण अनेक होस्टिंग कंपन्या स्पॅमच्या धास्तीने बाहेर जाणारे 25 क्रमांकाचे पोर्ट बंद ठेवतात. विनंती करून ते उघडून घेतले, की मेल जाते आणि थेट स्पॅममध्ये पडते. मग डीएनएसच्या नोंदी शिकाव्या लागतात. डोमेनचे मेल कोणत्या सर्व्हरवर आणायचे ते एमएक्स नोंद सांगते. त्या डोमेनच्या नावाने मेल पाठवण्याची मुभा कोणाला, ते एसपीएफमध्ये लिहिलेले असते. डीकेआयएममुळे प्रत्येक मेलवर डिजिटल सही होते, आणि एसपीएफ-डीकेआयएमची तपासणी फसली तर मेलचे काय करायचे ते डीमार्क ठरवते. आयपी पत्त्यावरून उलटे शोधल्यावरही त्याच सर्व्हरचे नाव निघावे लागते. दिवसाला 5,000 किंवा त्याहून अधिक मेल पाठवणाऱ्यांना जीमेलने फेब्रुवारी 2024 पासून एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क तिन्ही सक्तीचे केले. जीमेलमध्ये ‘शो ओरिजिनल’ उघडून या तिन्हींपुढे ‘पास’ दिसेपर्यंत काम अर्धवट समजावे.

यातली एक चूक फार महागात पडते. लॉगिन न तपासता कोणाचेही मेल पुढे पाठवणारा सर्व्हर, म्हणजे ‘ओपन रिले’, स्पॅमवाले लगेच हुडकून काढतात आणि त्याचा आयपी पत्ता काळ्या यादीत जातो.

प्रत्येक लहान ऑफिसने स्वतःचा सर्व्हर चालवावा, असे मुळीच नाही. गुगल किंवा मायक्रोसॉफ्टची सशुल्क सेवा घेणे बऱ्याचदा शहाणपणाचे असते. तिथेही याच डीएनएस नोंदी कोणाला तरी कराव्या लागतात. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल 2022 च्या आदेशानुसार कंपन्यांना लॉग 180 दिवस जपावे लागतात आणि ठरावीक प्रकारचे सायबर हल्ले सहा तासांच्या आत कळवावे लागतात. लॉग वाचता येणारा माणूस नसेल तर हे जमत नाही.

या कामाची दुसरी बाजूही पालकांनी ऐकून घ्यावी. सुरुवातीचा पगार बेताचा असतो आणि सर्व्हर बंद पडला की रात्री-अपरात्री फोन येतो. तरीही शेजारच्या मुलाने एआय घेतले म्हणून जमीन विकून मॅनेजमेंट कोट्यातली जागा मिळवणे हा त्याहून वाईट सौदा आहे. त्यात न आवडणाऱ्या विषयाची चार वर्षे आणि घरावरचे कर्ज, दोन्ही मुलाच्या माथी येतात. अर्ज भरण्याआधी पालकांनी मुलाला सुट्टीचा एक महिना या सर्व्हरसाठी मोकळा द्यावा. लॉग वाचण्याचा कंटाळा आला तर हे क्षेत्र सोडून द्यावे. मुलगा त्यात रमला, तर अर्जातला पसंतीक्रम त्यालाच भरू द्यावा.